जिवंतपणीचे चार खांदे

माणसाला चौघांनी उचलायचे ते शेवटचे, असे आपल्या अंगवळणी पडले आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, चौघे एका जिवंत माणसाला उचलून आणतात. तो पक्षाघाताने पडलेला. कफर्णहूमच्या त्या घरात येशू बोलत होता आणि दारात उभे राहायलाही जागा नव्हती. चौघे छपरावर चढले, छप्पर उकरले आणि बाज खाली सोडली.

पुढे मार्क सांगतो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. वर घामाघूम होऊन उभे होते, त्यांचा. बाजेवरच्याचाही असेल, पण तो सबंध प्रसंगात एक शब्द बोलत नाही. त्याने काही मागितले नाही, काही कबूल केले नाही, नवस बोलला नाही. त्याला आणले गेले, एवढेच.

आजाऱ्यासाठी इतरांनी करायच्या प्रार्थनेबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते बहुतेक सगळे या बाजेवर आहे.

*

जीवघेण्या दुखण्यात पहिली बंद पडते ती आजाऱ्याची स्वतःची प्रार्थना. बाहेरच्यांना वाटते, आता हा देवाच्या जवळ गेला असेल. तोंड सोललेले असते, पाणी गिळताना आग होते, रात्री दोनला जाग येते आणि पहाट होत नाही. जन्मभर सातच्या घंटेला गुडघे टेकून जपमाळ केलेली माणसे सांगतात: शब्द आठवतात, म्हणवत नाहीत.

त्यांना ‘विश्वास ठेवा’ सांगणे म्हणजे पडलेल्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे. मध्यस्थीची प्रार्थना त्याला सांगते, तू पडून राहा. तुझ्या वाट्याचा विश्वास काही दिवस आम्ही वाहतो.

*

लिझ्यूची संत तेरेजा चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, ३० सप्टेंबर १८९७ रोजी. शेवटचे वर्ष-दीड वर्ष तिला स्वर्ग दिसेनासा झाला होता. आपण ज्याच्यासाठी कॉन्व्हेंटच्या भिंतीआड आलो ते पलीकडे काही आहेच की नाही, या अंधारात ती होती, आणि तिने ते लिहूनही ठेवले. अखेरच्या दिवसांत तिने आपल्या बहिणीला बजावले की असह्य वेदना असलेल्या रोग्याच्या हाताशी विषारी औषध कधी ठेवू नका.

गालावर गुलाब घेऊन हसणाऱ्या तेरेजेच्या तसबिरी घरोघरी आहेत. मला ही औषधाची बाटली दूर ठेवायला सांगणारी तेरेजा जास्त जवळची वाटते. तिच्या खोलीत तिच्या बहिणी होत्या. तिला दिसत नव्हते तेव्हा त्या जागत होत्या. १९२५ साली ख्रिस्तसभेने तिला संत म्हणून जाहीर केले, तिच्या अंधाराची वही वाचून झाल्यावर.

*

संत मधे कशाला, थेट देवाकडे का नाही, असे विचारतात. प्रोटेस्टंट बांधव विचारतात आणि हल्ली आमची मुलेही विचारतात. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. तिमथीच्या पहिल्या पत्रातली ही शिकवण कॅथलिकांचीही आहे. संत त्याची जागा घेत नाहीत. ते आमच्याबरोबर मागतात. शेजारणीला ‘माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणताना कुणाला वाटत नाही की आपण देवाला डावलले. संत मेलेले आहेत, एवढाच काय तो फरक. आणि मरणाने माणसे या कुटुंबातून बाहेर जातात असे आम्ही मानत नाही.

वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला. गास गावच्या बाया आजही त्याच्याशी गावचा माणूस असल्यासारखे बोलतात. चारशे वर्षांचे अंतर त्यांच्या बोलण्यात कुठे जाणवत नाही.

*

‘नमो मरिया’ या प्रार्थनेच्या शेवटी मरियेकडे दोनच वेळांसाठी प्रार्थना मागितलेली आहे. आत्ता, आणि मरणाच्या घटकेला. धडधाकट माणूस हे दोन शब्द एका श्वासात म्हणून पुढे जातो. त्याच्यासाठी त्यांच्यामध्ये आयुष्य पसरलेले असते. आजाऱ्याच्या खोलीत माळ म्हणताना पाच दशकांत पन्नास वेळा ती दोन्ही टोके जवळ येतात. घरातल्या सगळ्यांना ते कळते. म्हणून तिथे आवाज खाली येतो, आणि कुणीतरी घसा खाकरून पुढचे दशक धरते.

*

बांद्र्याला माउंट मेरीच्या चढावर मेणाचे अवयव मिळतात. हात, पाय, डोके, छाती. मेणाचे तान्हे बाळ, मेणाचे घर. सप्टेंबरच्या जत्रेत तिथे मराठी, कोंकणी, गुजराती, हिंदी सगळे ऐकू येते, आणि घेणाऱ्यांत ख्रिस्ती किती हे सांगता येणार नाही. गुडघा दुखतो तो पाय घेतो. रक्ताच्या कॅन्सरला आकार नसतो. त्याच्या घरचे थोडा वेळ टेबलापाशी घुटमळतात आणि मग अख्खा माणूस घेतात, वीतभर उंचीचा, हात अंगाशी धरलेला.

शिकलेल्यांना ते मेण पाहून संकोच वाटतो. मला वाटत नाही. देव देहात आला असे मानणाऱ्यांनी देहाची प्रतिमा देवापुढे ठेवली तर त्यात बिघडले काय? दुखणे नेमके असते. डावे मूत्रपिंड, उजवी बरगडी. प्रार्थना गोलमोल का असावी?

माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालू आहे. लोक चिठ्ठ्या लिहितात: काही मागण्याच्या, काही आभाराच्या. अनोळखी माणसाचे ऑपरेशन मायक्रोफोनवरून ऐकू येते आणि शेकडो लोक त्यात सामील होतात. पुढच्या बुधवारी त्याचे काय झाले हे बहुतेकांना कधीच कळत नाही. तरी ते मागतात. याला मी मोठी गोष्ट समजतो.

*

प्रार्थनेने माणसे बरी होतात का, हे मोजूनही पाहिले गेले आहे. फ्रान्सिस गॉल्टनने १८७२ सालीच लिहिले होते की राजाराण्यांसाठी साऱ्या देवळांत प्रार्थना होते, तरी ते काही जास्त जगत नाहीत. २००६ साली अमेरिकेत मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बायपास झालेले १,८०२ रुग्ण, तीन गट. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर तेवढे दिले होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, आणि ज्यांना स्वतःला यातले काय होते आहे ते ठाऊक नव्हते, त्या दोन्ही गटांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखे: ५२ आणि ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की ठाऊक होते, त्यांच्यात ५९.

हे आकडे श्रद्धावंतांनी लपवू नयेत. प्रामाणिकपणे काढलेले आहेत. देवाला पुराव्याच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्यांचे समाधान त्यांनी होणार नाही आणि देवाच्या वकिलांचेही नाही.

त्या ५९ वर मी खूप विचार केला. संशोधकांपैकी काहींना वाटले की प्रार्थनेची खबर लागल्याने रोगी धास्तावले असतील: मी इतका का आजारी आहे? हे मला पटते, कारण ते आमच्या वाडीत दिसते. एका संध्याकाळी पंधरा माणसे अचानक जपमाळ घेऊन ओटीवर जमली की आतल्या खाटेवरचा माणूस ओळखतो, डॉक्टर घरच्यांना बाजूला नेऊन काय म्हणाले ते. प्रार्थनेला जाण्याआधी त्याला विचारावे. येऊ का? केव्हा येऊ? किती जण? चौघांनी त्या माणसाचे घरदार गोळा करून आणले नव्हते.

आणि नाव व एक आद्याक्षर एवढ्यावर केलेली प्रार्थना देव ऐकत असेल. त्याला पत्ता लागत नाही. पण ती करणाऱ्याच्या खांद्याला वजन लागत नाही.

*

सुवार्तेत लोक दुसऱ्यांसाठी किती मागतात ते पाहावे. शताधिपती चाकरासाठी येतो. कनानी बाई मुलीसाठी येते, आणि तिला आधी कडू उत्तर मिळते, तरी ती हटत नाही. काना गावच्या लग्नात मरिया फक्त सांगते की द्राक्षारस संपला. मार्था आणि मरिया या बहिणी निरोप धाडतात की तुझा लाडका आजारी आहे. त्यात ‘ये’ असेही नाही.

निरोप मिळाल्यावर येशू आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला. त्यांचा भाऊ लाजरस मेला.

आजाऱ्याच्या घरात हीच ओळ सगळ्यात अवघड जाते. मार्था त्याला वाटेत गाठून म्हणते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे बोलणेही शुभवर्तमानात ठेवले आहे, कुणी पुसले नाही. आयसीयूच्या बाहेर बसून देवाला बोल लावणाऱ्या बायकोला गप्प करू नये. ती मार्थेच्या जागी उभी आहे, आणि अजून त्याच्याशीच बोलते आहे.

*

खुद्द ख्रिस्ताने गेथसेमनीत मागितले ते मिळाले नाही. पौलाने अंगातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवले, काटा राहिला. म्हणून ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ हे वाक्य कुठल्याही ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही. आम्ही ते बोलतो. प्रार्थनासभांतून, कधी व्यासपीठावरून, ट्यूमर वाढला की कुजबुजीने. आजाऱ्याला रोगाबरोबर अपराधही देऊन येतो. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले. दोन हजार वर्षे झाली, तो प्रश्न आम्ही सोडलेला नाही.

*

औषध थांबवून प्रार्थना करा असे सांगणारा माणूस कॅथलिक शिकवण सांगत नाही. बेन सिराचा ग्रंथ आमच्या बायबलात आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे. औषधे देवानेच मातीतून उगवली, शहाण्याने ती झिडकारू नयेत. आधी प्रार्थना कर, मग वैद्याला जागा दे, तोही देवाकडे मागतोच. केमोची तारीख चुकवून केलेल्या नोव्हेनेत मला भक्ती दिसत नाही.

*

लूर्दला १८५८ साली बर्नादेतला मरियेचे दर्शन झाले. तिने बोटांनी उकरला तो झरा अजून वाहतो. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचे कार्यालय आहे. बरे झाल्याचे हजारो दावे तपासले गेले आणि चमत्कार म्हणून ख्रिस्तसभेने मानले ते जेमतेम सत्तरच्या घरात. दुखणे गंभीर असले पाहिजे, गुण एकाएकी आणि पुरता आला पाहिजे, टिकला पाहिजे, उपचारांच्या खाती जमा होता कामा नये. इतकी कडक चाळणी स्वतःच्या देवाला लावणारी माणसे मला आवडतात.

खुद्द बर्नादेतला दमा होता. पुढे हाडाचा क्षय झाला. १८६६ साली तिने लूर्द सोडले ते परत न येण्यासाठी, आणि १८७९ मध्ये पस्तिसाव्या वर्षी ती नेव्हेरच्या कॉन्व्हेंटमध्ये वारली.

मग दरसाल लाखो लोक लूर्दला का जातात? तिथे आजारी माणूस पुढे असतो. निळ्या छताच्या गाड्यांत रोगी बसवून धडधाकट स्वयंसेवक त्या हाताने ओढतात. रांग, मिरवणूक, आशीर्वाद, सगळीकडे आधी गाडी. एरवी जगात आजारी माणूस वाट अडवतो. तिथे त्याच्यासाठी वाट सोडलेली असते. बहुतेक जण दुखणे घेऊन जातात तसे घेऊन परततात, आणि पैसे साठवून पुन्हा जातात.

*

आमच्याकडे फादर तेल घेऊन आले की घरात रड सुरू होते. कारण जुने आहे: पूर्वी तेल लावण्याचा हा संस्कार शेवटच्या घटकेला दिला जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले की हा मरणाऱ्यांपुरता नाही, गंभीर आजार्‍यांचा आहे; १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधीही बदलला. पन्नास वर्षे उलटली. तरी घरचे म्हणतात, आत्ताच नको, घाबरेल. आणि बोलावतात तेव्हा तो शुद्धीवर नसतो.

शुद्धीवर असलेल्याला हा संस्कार मिळावा. फादर आधी काही न बोलता डोक्यावर हात ठेवतात. मग अंगठ्याने कपाळावर तेल, मग दोन्ही तळहातांवर. ऑलिव्हचे तेल, पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेले. इस्पितळात त्या हातांना दिवसभर स्पर्श होतो तो सुया टोचायला, नळ्या बदलायला, पट्ट्या ओढून काढायला. त्या हातांकडून काहीही नको असलेला हा एक स्पर्श. तेल मुरेपर्यंत मुठी उघड्याच राहतात.

*

पोप फ्रान्सिस निवडून आले त्या संध्याकाळी, १३ मार्च २०१३ रोजी, त्यांनी आशीर्वाद देण्याआधी चौकातल्या लोकांकडे प्रार्थना मागितली आणि मान खाली घालून थांबले. बारा वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०२५ ला, ते जेमेल्ली इस्पितळात दाखल झाले. दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. संत पेत्राच्या चौकात रोज रात्री जपमाळ सुरू झाली, थंडीत, उघड्यावर. ६ मार्चला तिथे त्यांचा आवाज ऐकवला. स्पॅनिशमधली दोनतीन वाक्ये, शब्दाशब्दाला धाप. चौकातल्या प्रार्थनेबद्दल आभार, एवढेच. ज्यांनी ऐकले त्यांना कळले असेल की आपण ज्याला वाहतो आहोत तो किती थकला आहे.

२३ मार्चला ते घरी आले. २० एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी, सज्जातून आशीर्वाद दिला आणि चौकात लोकांमधून गाडीने फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

त्या सगळ्या जपमाळा ऐकल्या गेल्या की नाहीत? मी ऐकल्या गेल्या असे मानतो. त्यांना एक महिना आणखी मिळाला म्हणून नव्हे. तो माणूस मेला तो एकटा पडून मेला नाही म्हणून. याहून मोठे उत्तर मागायचा हक्क प्रत्येक घराला आहे, आणि ते मागावेच. पोटचे पोर खाटेवर असताना कुणी अदबीने मागत नाही.

*

मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थनेच्या वेळी आजाऱ्यांची नावे वाचतात. वाचणारी मुलगी आठवी-नववीतली, नावे भराभर म्हणते. काही नावे वर्षभर असतात. काही महिन्यात गळतात, बरी होऊन. काही त्याच कागदावर चार ओळी खाली जातात, मृतांच्या यादीत, आणि प्रार्थना तीच माणसे पुढे चालवतात. दोन नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावताना आम्ही त्यांच्यासाठी मागतो. नाव सुटत नाही.

*

एक गोष्ट मला उशिरा उमगली. आजाऱ्यासाठी सगळे मागतात, आजाऱ्याकडे कुणी मागत नाही. त्याला फक्त घेणारा करून ठेवतात. औषध घे, सूप घे, प्रार्थना घे. दुखणे ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून इतरांसाठी अर्पण करता येते, हे आमच्या धर्मशिक्षणात लहानपणीच शिकवतात, आणि मोठेपणी ज्याच्यापाशी ते अर्पायला आहे त्यालाच विचारायचे राहून जाते.

आमच्या धर्मग्रामातल्या एका मावशींना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागे. भेटायला येणारा जो तो सांगे, मावशी, तुमच्यासाठी प्रार्थना करतो. त्या मान हलवत आणि भिंतीकडे पाहत. एकदा शेजारची सून केळी घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली, “मावशी, पोरीची दहावी आहे. तिच्यासाठी तुम्ही मागाल का? मला सुचत नाही हो काही.”

मावशी उठून बसल्या. उशी पाठीशी सरकवून घेतली.

“नाव नीट सांग तिचं, शाळेतलं. आणि वेळापत्रक पाठव माझ्या मोबाइलवर. गणित कुठल्या दिवशी आहे? मंगळवारी असलं तर बरं. मंगळवारी मशीनवर चार तास मोकळीच असते मी.”